गवताचा बोळा

हॉइट मेसरचं घर विचारलंत, तर आमच्या काउंटीतला कोणीही आधी तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघेल आणि विचारेल, “टाकी तुंबलीय की सरडा बघायचाय?” दोन्ही कामांना रस्ता एकच. पेट्रोल पंपावरून डावीकडे वळायचं, बाप्टिस्ट चर्च मागे टाकायचं, भुईमुगाची शेतं संपली की मिस युलाचं पांढरं घर लागतं आणि त्याच्या कुंपणाला लागून हॉइटचं.

टाकी म्हणजे मैल्याची. जॉर्जियाच्या या दक्षिण टोकाला गावाबाहेरच्या घरांना गटार नाही. ज्याची टाकी त्याच्या परसात, आणि सगळ्यांच्या टाक्या उपसणारा हॉइट. उभा जन्म लोकांची घाण काढण्यात गेल्यामुळे कोणाच्या घरात काय शिजतं, काय सडतं आणि काय लपवलं जातं, हे त्याला पाद्रीबाबांपेक्षा जास्त ठाऊक होतं. दातांची कवळी निघायची, लग्नाची अंगठी निघायची, दारू सोडली म्हणून चर्चमध्ये रडलेल्या माणसाच्या बाटल्यांची बुचं निघायची. हॉइट ती धुवून गुपचूप ज्याची त्याच्या हातात ठेवायचा आणि पुन्हा त्यावर ब्र काढायचा नाही. या गप्प राहण्यामुळे त्याला गावात मान होता. पुढे जे झालं ते याच गप्प राहण्यातून झालं, म्हणून ते आधीच सांगून ठेवलं.

सरडाही त्याला टाकीपायीच मिळाला. कोणी बिऱ्हाड रातोरात एक चाकांवरचं फिरतं घर सोडून गेलं होतं, मालकाने टाकी उपसायला हॉइटला बोलावलं, तर न्हाणीत प्लास्टिकच्या टबात हा पडलेला. टेगू त्याचं नाव. घोरपडीच्या घराण्यातला वाटावा असा, अंगावर काळे-पांढरे पट्टे, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तेव्हा हातभर होता. हॉइटने उकडलेली अंडी, कोंबडीची काळजं, खरबुजाच्या फोडी घालघालून तो असा वाढवला की शेपटी धरून उभा केला असता तर हॉइटच्या छातीला लागला असता. नर वयात आला की त्याचे गाल सुटतात. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या, दानाची थाळी फिरवणाऱ्या वडीलधाऱ्यांना आमच्याकडे डीकन म्हणतात, आणि त्यांचेही गाल बहुतेक असेच लोंबतात. म्हणून याचं नाव डीकन. खऱ्या डीकन मंडळींना हे आवडलं नाही, पण त्यांच्याही टाक्या हॉइटच उपसायचा.

हॉइटची बायको जॉनेल पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “तो घरात आला तर मी बाहेर जाईन. तुझं तू ठरव.”

हॉइटने जरा जास्तच वेळ विचार केला, असं ती अजून सांगते. शेवटी सरडा बाहेर राहिला. मागच्या परसात हॉइटने चौकोनी वाडा बांधला. जमिनीवर पत्र्याची भिंत आणि जमिनीखाली मांडीइतकी खोल पुरलेली जाळी, कारण ही जात उकरण्यात हॉइटच्या यंत्राला हार जाणार नाही. मध्ये मातीत गाडलेली लाकडी पेटी, तिच्यात सुकं गवत आणि पाइनचा पालापाचोळा, वर ताडपत्री, आणि तिरपं बोगद्यासारखं एकच दार.

पहिल्या थंडीत डीकन त्या दारातून आत गेला तो आलाच नाही. हॉइटला वाटलं मेला. त्याने चार ठिकाणी विचारलं, असेच सरडे पाळणाऱ्या लोकांच्या बैठकीला जाऊन आला, तेव्हा कळलं की तो झोपलाय, वसंतापर्यंत झोपेल, आणि पाळणाऱ्याने एकच गोष्ट पाळायची. झोपलेला टेगू उकरायचा नाही. उकरून जागा केलात तर थंडीत त्याला पुन्हा झोप लागत नाही, आणि अन्न पचत नाही, म्हणून मरतो. मग तो आत आहे हे ओळखायचं कसं? तर दारावरून. झोपायच्या आधी टेगू तोंडाने गवत ओढून आतून दाराला बोळा मारतो. बोळा दिसला की समजायचं, स्वारी आत आहे. बोळा बाहेर ढकलला गेला की समजायचं, उठली.

हे हॉइटला इतकं आवडलं की तो गप्प माणूस या एका विषयावर बोलायला लागला. दर नोव्हेंबरात लोक बोळा बघायला यायचे आणि मार्चमध्ये डीकन बाहेर येऊन उन्हात जीभ लपलपवायचा, तेव्हा अर्धं चर्च परसात जमायचं. जॉनेल केळ्यांचं पुडिंग करायची. मिस युला आपली खुर्ची घेऊन यायच्या.

मिस युला ऐंशीच्या पुढच्या. हॉइटला रविवारच्या शाळेत त्यांनीच बायबल शिकवलं होतं, आणि कान पिळायचा हक्क त्यांनी अजून सोडला नव्हता. घरी त्या, त्यांच्या तांबड्या कोंबड्या, आणि टर्निप. टर्निप म्हणजे कुत्रा. पिल्लू असताना सलगमाच्या वाफ्यात सापडला म्हणून नाव टर्निप, म्हणजे सलगम. जातिवंत म्हणावं असं त्याच्यात काहीच नव्हतं. एक कान उभा, एक पडका, आणि दिवसभर कोंबड्यांच्या खुराड्याच्या पायरीखाली झोपलेला. कोंबड्या त्याच्या अंगावरून चालत जायच्या.

मध्यंतरी राज्यात या सरड्यांवरून ओरड झाली. लोकांनी पाळून सोडून दिलेले टेगू रानात वाढले होते आणि कासवांची, पाखरांची अंडी फस्त करत होते. नवा टेगू आणायला बंदी आली. जुने ठेवायचे असतील तर कातडीखाली खुणेची चिप बसवून घ्यायची आणि बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. यावर चर्चच्या हॉलमध्ये चर्चा निघाली, तेव्हा मिस युला सगळ्यांसमोर म्हणाल्या, “हॉइट, तुझा डीकन मला आवडतो. पण माझ्या कोंबड्या कुंपणाच्या अलीकडे आहेत.”

हॉइट टोपी हातात घेऊन उभा राहिला. “मिस युला, माझा सरडा कुंपणाबाहेर दिसला तर मी स्वतः फोन करून त्याला सरकारच्या हवाली करीन. हा माझा शब्द.”

लोकांनी माना डोलावल्या. कमी बोलणाऱ्याचा शब्द म्हणून तो जड होता.

आता चूक. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या परसात खोदलं, त्याने स्वतःच्या परसात खोदताना घोळ केला. सप्टेंबरात पावसाचं पाणी वाड्यात साचायला लागलं, म्हणून हॉइटने कुंपणाखालून पाइप टाकायचा ठरवला. त्यासाठी पुरलेल्या जाळीचा एक तुकडा कापून काढला. पाइप टाकला. तेवढ्यात फोन आला, कोणाच्या तरी लग्नघरी टाकी उलटी फिरली होती. हॉइटने खड्ड्यात माती लोटली, जाळी उद्या बसवू म्हणाला आणि गेला. ती जाळी शेडच्या भिंतीला टेकून उभी राहिली. दिसायची त्याला रोज. रोज तो उद्या म्हणायचा.

ऑक्टोबर संपता संपता मिस युलांनी कुंपणावरून हाक मारली. “हॉइट, माझी अंडी जायला लागलीत. कवचाचे तुकडे सापडतात. तुझ्याकडे काही दिसलं का? साप, कोल्हा, कसलं जनावर?”

“नाही, मिस युला,” हॉइट म्हणाला. तेव्हा ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीचा कप घेऊन तो वाड्यात गेला. पाइपच्या वरची माती उकरलेली होती. पत्र्याखाली बशीएवढं भोक, त्याच्या कडेला नखांचे ओरखडे. आणि डीकनच्या पेटीचं दार उघडं, बोळा नव्हता.

हॉइटने कप खाली ठेवला. तो गुडघ्यावर बसला. पेटीत हात घालून बघणं एका मिनिटाचं काम होतं. पण हात घातला असता तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर कुंपणापलीकडे जाऊन सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर दिलेला शब्द समोर उभा होता. त्याने हात घातला नाही. झोपलेला टेगू उकरायचा नसतो, असं तो स्वतःशी म्हणाला. आत असेलही, नुसता बोळा मारायचा राहिला असेल. मग त्याने भोक बुजवलं, जाळीचा तुकडा आणून त्याच दुपारी पुरला, आणि हे सगळं जॉनेल बाजाराला गेली असताना केलं. माती दाबताना एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, की सरडा बाहेर असेल तर आपण आता त्याचा परतायचा रस्ताही बंद केलाय. पण पुरलेली जाळी पुन्हा उकरायला तो गेला नाही.

शनिवारी चर्चची तीन-चार मंडळी बोळा बघायला येणार होती. ती यायच्या आधी हॉइट वाड्यात गेला, मूठभर गवत घेतलं, पिळलं आणि दारात कोंबलं. आतून मारल्यासारखं दिसावं म्हणून वरून थोडी माती भुरभुरली.

“यंदा लवकर झोपला की,” एक जण म्हणाला.

“थंडी लागली असेल,” हॉइट म्हणाला.

“ब्रदर हॉइट, जनावर सांभाळावं तर तुम्ही.” त्या माणसाने हॉइटच्या पाठीवर थाप मारली. जॉनेलने सगळ्यांना कॉफी दिली. हॉइटला ती थाप संध्याकाळपर्यंत जाणवत राहिली.

इकडे अंडी जातच होती. आणि टर्निपला नवीन खोड लागली होती. दिवसभर झोपणारा कुत्रा आता खुराड्याखाली नाक खुपसून बसायचा, माती उकरायचा, भुंकायचा. मिस युलांनी त्याचा अर्थ लावला तो इथल्या कोणीही लावला असता. आमच्याकडे अंडीचोर कुत्रा ही शिवी आहे. माणसाला दिली तर मारामारी होते. एकदा चटक लागली की सुटत नाही म्हणतात, आणि असा कुत्रा दारात ठेवणं घराला कमीपणा. त्यावर जुना इलाज असा, की अंड्याला भोक पाडून आतलं काढायचं, झणझणीत लाल तिखट भरायचं आणि ते कुत्र्याच्या तोंडात फोडायचं.

मिस युलांनी हॉइटला बोलावलं. त्यांच्या हातात तिखटाचं अंडं होतं. “मला एकटीला जमत नाहीये. तू जनावरं जाणतोस. जबडा धर त्याचा.”

हॉइटला खुराड्याच्या पायाशी ताजी माती दिसत होती. तिच्यावर शेपटी फरफटल्याचा पट्टा दिसत होता. कुत्रा कशावर भुंकतोय हे त्या अंगणात त्याच्याशिवाय कोणाला कळलं नसतं. तोंड उघडायची वेळ हीच होती. त्याने तोंड उघडलं ते टर्निपचं. एका हाताने वरचा जबडा, एका हाताने खालचा. टर्निपने शेपटी हलवली, त्याला वाटलं काहीतरी खाऊ आहे. मिस युलांनी अंडं आत टाकलं आणि हॉइटने जबडा दाबून बंद केला. त्यानंतर त्या कुत्र्याने जो आवाज काढला, तो ऐकून मिस युला तोंड फिरवून घरात निघून गेल्या. हॉइट हात धुवायला नळाकडे गेला. साबण लावून धुतले तरी बोटांची आग जात नव्हती.

दोन दिवसांनी पुन्हा अंडी गेली.

“आता नाही ठेवता येणार त्याला,” मिस युला म्हणाल्या. त्या पायरीवर बसल्या होत्या आणि टर्निपचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. “लोक गोळी घालतात. माझ्याने ते बघवणार नाही. तू कुठे तरी पोचवशील का त्याला?”

“माझा चुलतभाऊ आहे ना, लमार,” हॉइट म्हणाला. “भंगारचं आवार आहे त्याचं. राखणीला कुत्रा हवाच असतो त्याला.” हे वाक्य त्याच्या तोंडून इतकं सहज निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

टर्निप गाडीत पुढच्या सीटवर बसला, काचेवर नाक टेकवून. लमारच्या आवारात गळ्यात साखळी पडली तेव्हाही तो हॉइटकडेच बघत होता, आता परत कधी निघायचं या हिशेबाने.

आणि त्याच आठवड्यात कडक थंडी पडली. गवतावर सकाळी पांढरं दव गोठलं. मिस युलांची अंडी जायची थांबली.

“बघितलंस?” त्या कुंपणावरून म्हणाल्या. “त्याचंच काम होतं ते. माझ्या मनात अजून थोडी आशा होती बघ, की त्याचं नसेल.”

हॉइटने मान हलवली. खरं तर त्याला स्वतःलाही क्षणभर बरं वाटलं. कुत्रा गेला, चोरी थांबली, म्हणजे कुत्र्याचंच असेल. थंडी पडली की टेगू झोपतो, हे सगळ्या गावाला शिकवलेला माणूस स्वतः ते विसरायला बसला होता.

तो हिवाळा हॉइटला खायला उठला. उपकाराची फेड म्हणून मिस युला दर आठवड्याला डझनभर अंडी पाठवायच्या. जॉनेल सकाळी ती तळून मक्याच्या लापशीबरोबर समोर ठेवायची आणि हॉइट लापशी खाऊन अंडी सरकवून द्यायचा. पूर्वी तो संध्याकाळी वाड्यात जाऊन पेटीच्या दाराशी काहीबाही बोलायचा. आता जाताना घुटमळायचा आणि लगेच परतायचा. जानेवारीत नळ गोठले, तेव्हा जॉनेलच म्हणाली, “अरे, डीकनच्या पेटीत दिवा लाव. मरेल तो गारठ्याने.” हॉइटने शेडमधून वायर ओढली, उबेचा दिवा लावला आणि रिकाम्या भोकाला ऊब देत बसला. कुंपणापलीकडून मिस युला म्हणाल्या, “किती जपतोस रे त्याला. मला नाही जमलं माझ्याला जपायला.”

त्या दिवशी त्याने अखेर हात घातला. बोळा बाजूला करून, मातीत पोटावर आडवा पडून, खांद्यापर्यंत. गवत होतं, थंडगार, आणि बाकी काही नव्हतं. त्याने हात काढला आणि बोळा पुन्हा होता तसा बसवला. मग त्याच्या मनात आलं, की अशा थंडीत बाहेर राहिला असेल तर मेला असेल, आणि मेला असेल तर कोणाला काही कळणार नाही. सुटलोच मग. ज्याला त्याने स्वतःच्या हाताने भरवून वाढवलं, त्याच्या मरणाची तो वाट बघत होता. हे त्याच्या ध्यानात आलं, तेव्हा त्याला स्वतःची इतकी किळस आली की तशी कुठल्या टाकीत उतरतानाही आली नव्हती.

लमारच्या आवारावरून कामाला जायचा रस्ता जातो. हॉइट लांबच्या रस्त्याने जायला लागला.

मार्चच्या सुरुवातीला ऊन पडलं आणि मिस युलांचा फोन आला. “हॉइट, लवकर ये. तुझा डीकन माझ्या खुराड्यापाशी ऊन खात पडलाय. आज सकाळीच निसटलेला दिसतो बिचारा. नुकताच उठला असेल, नाही का?”

हॉइट गेला. खुराड्याच्या फळीखाली, मागच्या अंगाला, मातीत भोक होतं, आणि भोकाबाहेर ढकललेला गवताचा बोळा, कोंबड्यांची पिसं अडकलेला. वर कोंबड्यांची ऊब आणि खाली हा, सगळा हिवाळा. डीकन वाळला होता, पण धडधाकट होता. हॉइटला बघून त्याने जीभ बाहेर काढली आणि ओळखीने त्याच्या बुटाकडे चालत आला. हॉइटने त्याला दोन्ही हातांनी उचलला. डोळे भरून आले ते आनंदाने की कशाने, ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

“काळजी करू नकोस,” मिस युला हळूच म्हणाल्या. “मी नाही कोणाला सांगणार. एका सकाळपुरता तर निसटला. त्यासाठी काय शब्दाला धरून बसायचं?” आणि त्यांनी अंड्यांची पिशवी त्याच्या बोटाला अडकवली.

सुटकेचं दार उघडं होतं. स्वतः मिस युलांनीच ते उघडून दिलं होतं. “थँक यू, मॅम,” एवढं म्हणून हॉइट काखेत सरडा आणि बोटाला अंडी घेऊन घरी आला.

जॉनेल धावत परसात आली. तिने डीकनकडे बघितलं, मग पेटीकडे. ती कितीतरी वेळ पेटीकडेच बघत राहिली.

“हॉइट,” ती म्हणाली, “बोळा जागेवर आहे.”

त्याने काखेतला सरडा खाली वाड्यात सोडला.

“तो बाहेर आला तर बोळा बाहेर पडायला हवा. तूच शिकवलंस ना सगळ्यांना? मग हा बोळा कोणी मारला?”

जॉनेलने त्याच्या हातातली अंड्यांची पिशवी बघितली, कुंपणाकडे बघितलं, आणि तिला टर्निप आठवला. तिचा चेहरा उतरत गेला. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्यावर पुष्कळ आरडाओरडा केला होता. आज आवाज चढला नाही.

“आधी तो कुत्रा घेऊन ये,” ती म्हणाली. “मग मिस युलांकडे जा. मी तुझ्याबरोबर येणार नाही. आणि ती अंडी इथे ठेवू नकोस.”

लमारच्या आवारात टर्निप साखळीच्या टोकाशी चिखलात बसला होता. मानेवरचे केस साखळीने झिजले होते. हॉइटची गाडी बघून तो उठला, आणि साखळी सोडताच उडी मारून पुढच्या सीटवर जाऊन बसला, आपल्या जुन्या जागी. परतीच्या रस्त्यावर त्याने काचेला नाक लावलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे हेच. चावला असता तर हॉइटला सोपं गेलं असतं.

मिस युला व्हरांड्यात शेंगा सोलत होत्या. गाडीतून टर्निप उतरलेला बघून त्यांच्या मांडीवरचं भांडं घसरलं. कुत्रा त्यांच्या पायांत घुसला. त्यांनी त्याच्या मानेवरून हात फिरवला, झिजलेल्या जागी बोटं थांबली.

“परत का आणलास? खोड सुटली का त्याची?”

“त्याला खोड नव्हती, मिस युला.” हॉइटने टोपी काढली. मग त्याने सगळं सांगितलं. कापलेली जाळी, उघडं दार, स्वतः मारलेला बोळा, फरफटलेल्या शेपटीचा पट्टा. काही गाळलं नाही. शेवटी म्हणाला, “मी आत्ता फोन करतो सरकारी माणसाला. डीकनला घेऊन जाऊ दे. शब्द दिला होता मी.”

“सरड्याचं मला सांगू नकोस,” मिस युला म्हणाल्या. “त्याला भूक लागली, त्याने खाल्लं. त्याचं काय करायचं ते तू उद्या कर.”

त्या उठल्या, आत गेल्या आणि एका बशीत अंडं फोडून घेऊन आल्या. खाली वाकायला त्यांना वेळ लागला. हॉइट मदतीला पुढे झाला तर त्यांनी त्याला कोपराने बाजूला सारलं. बशी त्यांनी टर्निपसमोर ठेवली. “घे, बाळा.”

टर्निपने वास घेतला. त्याची शेपटी पोटाखाली गेली. तो मागे मागे सरकला, आणि आसपास लपायला दुसरं काही नव्हतं म्हणून हॉइटच्या पायांमागे जाऊन बसला. त्याचं अंग थरथरत होतं, ते हॉइटला पोटऱ्यांना लागत होतं.

मिस युला बोलल्या तेव्हा आवाज अगदी साधा होता. “तिखट मी माझ्या हाताने घातलं. माझं पाप माझ्याकडे. पण जबडा तू धरला होतास, हॉइट. आणि तुला ठाऊक होतं.”

“हो, मॅम.”

“बस तिथे पायरीवर. तो खाईपर्यंत रोज यायचं आणि बसायचं. आणि रस्त्याने जाणाऱ्या कोणी विचारलं, काय चाललंय, तर सांगायचं. गाळायचं काही नाही. तुझं ते गप्प राहणं पुरे झालं.”

दुसऱ्या दिवशी हॉइटने फोन केला. सरकारी माणूस आला, चिप तपासली आणि डीकनला पिंजऱ्यात घालून किनाऱ्याकडच्या एका प्राणिकेंद्रात घेऊन गेला. तिथे आता त्याला काचेआड ठेवलंय, शाळेची मुलं बघायला जातात. परसातला वाडा रिकामा आहे. पेटीच्या दारातला बोळा हॉइटने काढला नाही, आणि जॉनेलनेही काढायला सांगितलं नाही.

हॉइट मात्र रोज दुपारी काम आटपून मिस युलांच्या पायरीवर बसतो. समोर बशी, बशीत अंडं. हा रस्ता चर्चला जातो, पेट्रोल पंपाला जातो, सगळ्यांचाच आहे. गाड्या थांबतात. “काय रे हॉइट, आता कुत्र्याचं हॉटेल काढलंस का?” असं विचारतात. हॉइट उठून उभा राहतो, टोपी काढतो आणि पहिल्यापासून सांगतो. काही जण हसत हसत ऐकायला लागतात आणि मध्येच हसायचे थांबतात. डीकन मंडळींपैकी एक जण पुरतं ऐकून न घेताच गाडी घेऊन गेला. सांगून सांगून सोपं होईल असं हॉइटला वाटलं होतं, पण तसं काही झालेलं नाही.

परवा दुपारी टर्निप खुराड्याच्या पायरीखालून उठला आणि बशीपर्यंत आला. बशीकडे त्याने बघितलंच नाही, तो हॉइटच्या हातांकडे बघत होता. ते हॉइटच्या ध्यानात आलं. त्याने दोन्ही हात हळूच मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसला. कुत्रा तिथेच उभा राहिला, पुढेही येईना आणि मागेही जाईना.

“खाल्लं का?” आतून मिस युलांनी विचारलं.

“नाही, मॅम.”

“मग बस.”